सर, थोडं बोलायचं होतं

ज्याला सुट्टी हवी असते तो सकाळी, लाईन चालू व्हायच्या आत येतो आणि उभ्याउभ्या विचारून मोकळा होतो. ज्याला पैसे हवे असतात तो शिफ्ट सुटल्यावर पार्किंगमध्ये भेटतो. त्याची गाडी त्या दिवशी नेमकी माझ्या गाडीशेजारी लागलेली असते. "सर, थोडं बोलायचं होतं," म्हणून आधी माझ्या पोरीच्या दहावीची चौकशी होते, मग पावसाची. बोलता बोलता हेल्मेटचा पट्टा लावतो, काढतो, परत लावतो. आणि मग आकडा येतो. वाळूजच्या कारखान्यांत शिफ्ट इनचार्ज म्हणून राहिलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

जून हा या भेटींचा महिना. आमची बरीचशी पोरं गंगापूर, वैजापूर, पैठण, गेवराईकडची. नोकरी इकडे आणि दोन-चार एकर तिकडे. सरकीच्या बॅगा, खत, लेकरांच्या वह्या-पुस्तकं, रांजणगावच्या खोलीचं भाडं, सगळं एकाच पगारात बसवायचं, आणि पगार सात तारखेला. मृगाच्या पावसाला आमची सात तारीख कोण कळवणार?

आता अशा वेळी साहेबाने खिशात हात घालावा का? आमच्या घरी याचं उत्तर तयार आहे. "मोठे आले सावकार!" (२०१४ च्या कायद्याप्रमाणे सावकारीला परवाना लागतो, हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.)

शेजारच्या लाईनवरचे एक साहेब मात्र कुणालाच नाही म्हणत नाहीत. व्याज नाही, लिखापढी नाही. दिलदार माणूस, यात वाद नाही. पण कधी त्यांच्यासोबत कॅन्टीनमध्ये जेवायला बसून बघा. वडिलांच्या ऑपरेशनला त्यांच्याकडून पंधरा हजार नेलेला एक ऑपरेटर ताट घेऊन समोरून चालला होता. ताटात जास्तीचं ऑम्लेट. साहेब हसून म्हणाले, "मजा आहे बुवा एका माणसाची!" बास, एवढंच. त्यात ना राग होता ना वसुली. पण त्या दिवसापासून तो पोरगा घरून डबा आणतो आणि कंप्रेसर रूमच्या मागे बसून खातो. साहेबांना याचा पत्ताही नाही. हीच गंमत दुसऱ्या कुणी केली असती तर पोरगा दोन गोष्टी उलट सुनावून मोकळा झाला असता.

रविवारचंही तसंच. त्या लाईनला ओव्हरटाईम लागला, की कोण कोण येणार हे मी शनिवारीच सांगू शकतो. साहेब सक्ती करत नाहीत, नुसतं विचारतात. ज्यांनी पैसे घेतलेत त्यांच्या तोंडून "येतो सर" आपोआप निघतं.

आमच्याकडे धारूर, शिरूर कासारची काही पोरं आहेत. त्यांचे आई-बाप अजूनही कोयता घेऊन साखर कारखान्याला जातात. हंगामाच्या आधी ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, नवरा-बायकोच्या जोडीला मिळून, आणि मग पाडव्यापर्यंत ती टनाच्या भावाने फेडत राहायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. मध्येच लेकरू तापाने फणफणलं तरी फड सोडून निघणं सोपं नसतं, कारण पैसे देणारा आणि कामाला लावणारा माणूस एकच. यातल्याच एकाला मी विचारलं होतं, अडचण आहे तर त्या साहेबांकडून का घेत नाहीस? तो म्हणाला, "नको सर. उचलच घ्यायची होती तर आयटीआय कशाला केलं असतं?"

यावर मला काही बोलता आलं नाही. पण माझ्या मते साहेबाजवळ पैशाखेरीज बरंच काही असतं. एचआरमध्ये ओळख असते, टेबलावर कॉम्प्युटर असतो, शिफ्ट बदलून द्यायची मुभा असते. वडील घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, ॲडमिट आहेत म्हणून पैसे मागायला आलेल्या पोराला बऱ्याचदा माहीतच नसतं, की पगार २१,००० च्या आत असल्यामुळे दर महिन्याला ०.७५ टक्का ईएसआयला (कामगार विम्याला) कापला जातो आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आई-वडीलही त्यात येतात. उपचाराच्या सरकारी योजनेसाठी दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तेही शेजारच्या खाटेवरचा सांगतो तेव्हा कळतं.

आजारपणाला, लग्नाला पीएफमधून फॉर्म ३१ भरून पैसे काढता येतात. हे सांगायला सोपं. एकाचा फॉर्म भरायला बसलो, तर ज्ञानेश्वर हे नाव आधारवर एका स्पेलिंगने, बँकेत दुसऱ्या आणि पीएफच्या खात्यात भलत्याच. माउलींनी इथेच पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवले म्हणतात; त्यांना आमच्या पोर्टलवर बसवायला हवं होतं. जेवणाच्या कितीतरी सुट्ट्या त्यात गेल्या. पैसे मिळाले तेव्हा ज्ञानेश्वरने पेढे आणले आणि वर मला ठणकावलं, "सर, पुढच्या रविवारी मी येणार नाही, पेरणी आहे." फार बरं वाटलं.

कायम झालेल्यांना पतसंस्थाही आहे. तिथे जामीनदार लागतात, आणि जामीनदार शोधायला आमचा माणूस शेजारच्या मशीनच्या पलीकडे जात नाही. त्यामुळे अख्खी लाईन एकमेकांना जामीन. एकाने नोकरी सोडून गावाकडे ढाबा टाकला, की त्या ढाब्याचे हप्ते इकडे दुसऱ्यांच्या पगारपत्रकात दिसायला लागतात. एकूण कपात पगाराच्या निम्म्यावर जाऊ नये असं २०१९ ची वेतन संहिता सांगते. उरलेल्या निम्म्यात महिना कसा काढायचा ते ज्याचं त्याने बघायचं.

खरं अडतं ते ठेकेदाराच्या पोरांपाशी. त्यांना पतसंस्था नाही. एचआरला विचारलं तर ते ठेकेदाराकडे बोट दाखवतात, आणि ठेकेदार ॲडव्हान्स देतो तो मुकादमाच्याच चालीने. मग उरतं मोबाईलवरचं ॲप. ते चहा संपायच्या आत पैसे देतं, आणि हप्ता चुकला की मामा-मावशीपर्यंत सगळ्यांना फोन लावतं. तिथे मात्र मी घरचा विरोध पत्करून खिशात हात घालतो.

गेल्या पावसाळ्यात असेच एकाला दिले. दिले त्याच दिवशी त्याचा ओव्हरटाईम आणि त्याच्या सुट्ट्या दुसऱ्या शिफ्टच्या साहेबांकडे सोपवून टाकल्या. म्हटलं, याला रविवारी बोलवायचं की नाही, सुट्टी द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा, मला विचारू नका. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग माझेही दोघं तुमच्याकडे घ्या."