तर्री बंद, उसाचा रस चालू: फॅटी लिव्हरचा उलटा हिशेब

सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर ग्रेड 1’ आलं की जळगाव-धुळ्याकडे घराघरांत पहिला हुकूम सुटतो तो तेलावर. शेवभाजीवरची तर्री काढा, भरिताला फोडणी नको, ठेचा कोरडा करा. आणि त्याच दुपारी, पारा 44 वर गेला म्हणून, रसवंतीवर मोठा ग्लास. लिव्हरच्या पेशीकडून बघितलं तर हा सगळा उलटा कारभार आहे.

लिव्हरच्या एकेका पेशीत हजार-दोन हजार मायटोकॉन्ड्रिया (ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्या) असतात आणि चरबी जाळायचं मुख्य काम त्यांचंच. पण लांब साखळीची फॅटी ॲसिड आपोआप आत शिरत नाहीत. मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यावर सीपीटी-1 नावाचं एन्झाइम बसलेलं असतं. ते सोडेल तरच प्रवेश. जेवणात साखर आणि पीठ जास्त झालं, इन्सुलिन चढलं, की लिव्हर उरलेल्या साखरेपासून स्वतःच चरबी करायला घेतं. त्या कामात मधेच मॅलोनिल-कोए तयार होतं आणि ते सीपीटी-1 ला अडवून धरतं. एकीकडे चरबी बनत असताना दुसरीकडे ती जळू नये, म्हणून ही सोय. सकाळी गोड चहा-बिस्कीट, दुपारी पोळी-भात, पाचला फरसाण, रात्री साडेदहाला पुन्हा जेवण असं चाललं तर हे फाटक उघडायला सवडच मिळत नाही.

फ्रुक्टोजची गोष्ट आणखी वाईट. ग्लुकोज वापरताना पेशीला मधे लगाम असतो, फ्रुक्टोजला तो लागू होत नाही. येईल तेवढं लिव्हर ओढून घेतं, त्यात एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्ची पडतं आणि युरिक ॲसिड वाढतं. 250 मिली उसाच्या रसात सहज 30 ग्रॅम साखर असते, त्यातली निम्मी फ्रुक्टोज. गूळही त्याच जातीचा. रावेरचं एक केळं चावून खाल्लं तर काही बिघडत नाही; साखर कमी, सोबत चोथा आहे.

मिनेसोटातल्या संशोधकांनी 2005 साली फॅटी लिव्हरच्या रुग्णांत ही चरबी येते कुठून ते मोजलं होतं. सुमारे 59 टक्के शरीरातल्या चरबीच्या साठ्यातून रक्तात सुटलेली, 26 टक्के लिव्हरने साखरेपासून बनवलेली, आणि थेट जेवणातल्या तेला-तुपाची जेमतेम 15 टक्के. म्हणजे पोट सुटलेलं असेल तर नुसती तर्री काढून काय होणार? (तेल फुकट आहे असं नव्हे, 15 मिलीच्या एका चमच्यात 120 कॅलरी असतात, आणि पोट त्यातूनही सुटतं.)

लठ्ठपणाच्या सुरुवातीला मायटोकॉन्ड्रिया हात टेकत नाहीत, उलट जादा राबतात. ड्युसेलडॉर्फच्या 2015 च्या अभ्यासात लठ्ठ पण लिव्हरला सूज नसलेल्या लोकांत त्यांचा वेग सडपातळ माणसांपेक्षा कितीतरी जास्त निघाला. सूज आलेल्यांत मात्र तो पडला होता. जादा राबण्याची किंमत असते. त्यांच्या श्वसनसाखळीतून (ऊर्जा काढणाऱ्या प्रथिनांच्या रांगेतून) इलेक्ट्रॉन गळतात, त्यातून मुक्त मूलकं (फ्री रॅडिकल्स) तयार होतात आणि ती आतल्या पडद्यातलं कार्डिओलिपिन नावाचं स्निग्ध द्रव्य खराब करतात. मग गळती आणखी वाढते. अर्धवट जळलेल्या चरबीचे तुकडे साचतात, पेशी मरतात, आणि तिथे जाळीदार व्रण धरू लागतो.

आता ताट. आपल्याकडे खरा घात बट्टी-वरणाच्या जेवणात आहे, तेही मे महिन्यात. तळलेली गव्हाची बट्टी, वर तुपाची धार, शेजारी साखर घातलेला आमरस: पीठ, चरबी आणि फ्रुक्टोज एकाच पंगतीत. त्यापुढे कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि भरीत फार बरं, कारण उडदाने प्रथिनं येतात आणि वांग्याने पोट भरतं. किलोभर वांग्याला 4 मोठे चमचे तेल पुरतं. शेवभाजीत तर्रीइतकाच हिशेब शेवेचा धरा. 50 ग्रॅम शेव म्हणजे पावणेतीनशे कॅलरी.

रात्रीचं जेवण आठच्या आत आणि पुढचं खाणं सकाळी आठला, इतकं पाळलं तरी इन्सुलिन उतरून सीपीटी-1 मोकळं होतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हे अंतर डॉक्टरांना विचारूनच. वजन 80 किलो असेल तर 5 टक्के, म्हणजे 4 किलो, उतरल्यावर चरबी हटते. सूज उतरायला साडेपाच ते आठ किलो लागतात. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. कडक उपासाने झपाट्याने वजन पाडलं तर साठ्यातली चरबी एकदम लिव्हरवर येते आणि सूज वाढू शकते.

आणि सोनोग्राफीच्या ग्रेडवर जाऊ नका. तो चरबी सांगतो, व्रण नाही. त्यासाठी फिब-4 हा व्रणाचा अंदाज देणारा आकडा काढा (एसजीओटी आणि एसजीपीटी ही रक्ततपासणीतली लिव्हरची एन्झाइम): वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). वय 50, एसजीओटी 60, एसजीपीटी 64, प्लेटलेट 2 लाख असतील तर 3000 भागिले 1600, म्हणजे 1.88. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, 2 लाख म्हणजे 200. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. 1.3 च्या खाली आलं तर धोका कमी (पासष्टीनंतर 2 च्या खाली), 2.67 च्या वर गेलं तर थेट लिव्हरतज्ज्ञ, आणि मधे अडकलं तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी.