आईच्या रकान्यातले मर्गट्रॉइड

इंग्लंडमध्ये एखादी व्यक्ती मृत्युपत्र न करता वारली आणि तिचे जवळचे कोणी पुढे आले नाही, तर तिची मालमत्ता सरतेशेवटी राजसत्तेकडे जमा होते. अशा बेवारस मालमत्तांची यादी सरकारच्या विधी खात्याचा एक विभाग प्रसिद्ध करत असे. माझे काम वारस शोधण्याचे असल्यामुळे आमच्या कार्यालयातला दिवस ही यादी उघडूनच सुरू होत असे. यादीत मृताचे नाव, मृत्यूची तारीख व ठिकाण आणि माहीत असल्यास जन्मस्थळ अशी मोजकी माहिती असे. त्या सकाळी दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात वारलेल्या वृद्ध गृहस्थांचे नाव त्यात आले होते आणि त्यांचे आडनाव होते मर्गट्रॉइड.

या व्यवसायात दुर्मीळ आडनाव म्हणजे अर्धे काम झाले, असे मानले जाते. आडनाव स्मिथ किंवा जोन्स असेल तर जन्मनोंदींच्या अनुक्रमणिकेत शेकडो सारख्या नावांतून आपला माणूस वेगळा काढावा लागतो. मर्गट्रॉइडच्या बाबतीत तसे होत नाही. मात्र जी गोष्ट आम्हाला सोपी असते, ती प्रतिस्पर्धी संस्थांनाही सोपीच असते, आणि ज्याच्याशी वारसांनी आधी करार केला त्यालाच पुढचे काम मिळते. म्हणून अशा नावांमागे सगळेच एकदम धावतात.

हे आडनाव ऐकून अनेक इंग्रज माणसांनाही ते कोणीतरी रचलेले असावे असे वाटते. त्याला कारणही आहे. 1887 साली लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात आलेल्या एका विनोदी संगीतिकेतले शापित सरदार घराणे याच नावाचे होते, आणि पुढे अमेरिकी कार्टूनमधल्या एका गुलाबी सिंहाच्या तोंडी हे नाव उद्गारासारखे बसले. प्रत्यक्षात ते अस्सल यॉर्कशरचे आहे. हॅलिफॅक्सच्या पश्चिमेला, कॅल्डर नदीच्या खोऱ्यावरच्या उतारावर वॉर्ली नावाचे गाव आहे. या वॉर्लीच्या हद्दीसाठी 1371 साली जो कॉन्स्टेबल नेमला गेला, त्याची नोंद ‘जोहान्स द मॉर्गटरॉइड’ अशी सापडते. त्यातला ‘द’ म्हणजे अमुक ठिकाणचा. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ लागून आडनाव होते, तोच हा प्रकार आहे.

‘रॉइड’ म्हणजे झाडझाडोरा तोडून लागवडीसाठी मोकळी केलेली जमीन. मूळ शब्दातला दीर्घ ‘ओ’ यॉर्कशरच्या पश्चिम भागात ‘ऑइ’ असा उच्चारला जाई. तिथल्या जुन्या बोलीत कोळशालाही ‘कोल’ न म्हणता ‘कॉइल’ म्हणत. डोंगरापलीकडे लँकेशरमध्ये हाच शब्द ऑर्मरॉडसारख्या नावांत ‘रॉड’ राहिला, आणि डोंगराच्या अलीकडे, यॉर्कशरमध्ये, अ‍ॅक्रॉइड, होलरॉइड, बूथरॉइड, ओल्डरॉइड, लीरॉइड अशी आडनावांची रांगच तयार झाली. त्यामुळे नावाच्या शेवटी ‘रॉइड’ दिसले की घराणे कुठल्या खोऱ्यातले असावे, याचा अंदाज बांधता येतो. पहिल्या भागाचे दोन अर्थ सांगितले जातात. एका मताप्रमाणे ती माळरानाकडे जाणाऱ्या वाटेवरची जमीन होती, तर दुसऱ्या मताप्रमाणे मार्गरेट नावाच्या कोणा बाईची. मला स्वतःला दुसरा अर्थ अधिक पटतो, कारण तिथल्या अशा कितीतरी जमिनी ती जागा साफ करणाऱ्याच्या किंवा कसणाऱ्याच्या नावाने ओळखल्या जात.

जी आडनावे एकाच जागेवरून निघाली, त्यांचे सगळे वाहक एकाच मूळ पुरुषाचे वंशज असण्याची शक्यता मोठी असते. मर्गट्रॉइडविषयी आडनावांच्या अभ्यासकांचा कल याच बाजूचा आहे. लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी 40 आडनावांच्या 1,678 पुरुषांचे बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र तपासून 2009 साली निष्कर्ष मांडले. स्मिथ मंडळींमध्ये समान पूर्वजाची खूण दिसली नाही, पण अ‍ॅटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावांत बहुतेक पुरुष एकाच वंशरेषेचे निघाले. स्मिथ म्हणजे लोहार, आणि असे धंद्यावरून पडलेले नाव गावोगाव स्वतंत्रपणे पडते, तर एका शेतावरून पडलेले नाव एकदाच पडते. मात्र एकदाच पडलेले नाव टिकेलच असे नाही. दोन-तीन पिढ्यांत मुलगे झाले नाहीत किंवा जगले नाहीत की ते संपते. फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी 1870 च्या दशकात या गोष्टीचे गणितच मांडले होते. मर्गट्रॉइड टिकले, याचे काही श्रेय त्या खोऱ्यातल्या लोकरीच्या धंद्याला द्यावे लागेल, असे मला वाटते. डोंगराळ जमीन शेतीला अपुरी होती, पण घरोघरी माग चालत असल्यामुळे धाकट्या मुलांनाही गाव न सोडता संसार मांडता येत असे. या घराण्यातल्या जेम्स मर्गट्रॉइड नावाच्या कापड व्यापाऱ्याने कीथलीजवळचा ईस्ट रिडल्सडेन हॉल विकत घेऊन 1640 च्या दशकात नव्याने बांधून काढला. तो वाडा आज जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. जॉन मर्गट्रॉइड या गिरणीमालकाने 1847 साली लडेंडनजवळ ओट्स रॉइड ही लोकर कातण्याची गिरणी उभारली. मात्र अशी श्रीमंत शाखा एखादीच. 1881 च्या जनगणनेतले बहुतेक मर्गट्रॉइड विणकर, कातणारे आणि लोकर विंचरणारे आहेत, आणि नकाशावर पाहिले तर त्यांची दाटी हॅलिफॅक्सच्या आसपासच दिसते.

आमचे मृत गृहस्थही हॅलिफॅक्सलाच जन्मले होते. ते अविवाहित होते, आईवडिलांचे एकुलते एक होते आणि त्यांची आईही एकुलती एक होती. म्हणजे वारस असलाच तर तो वडिलांच्या बाजूचा. इथल्या 1925 च्या कायद्याप्रमाणे वारसा आजी-आजोबांच्या वंशजांपर्यंतच पोहोचतो. पणजोबांच्या भावाचा वंश कितीही स्पष्टपणे सिद्ध झाला आणि आडनाव अक्षर न् अक्षर तेच असले, तरी त्याला एक पेनीही मिळत नाही. त्यामुळे आजच्या मतदारयादीतून मर्गट्रॉइड शोधून त्यांना पत्रे धाडण्यात अर्थ नव्हता. आजी-आजोबांचे घर 1911 मध्ये कसे होते, हे पाहणे आवश्यक होते.

1911 च्या जनगणनेचे वैशिष्ट्य असे की कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला तक्ता जपला गेला आहे, आणि त्यात विवाहित स्त्रीसाठी खास रकाने आहेत: लग्नाला किती वर्षे झाली, जिवंत जन्मलेली मुले किती, त्यांतली हयात किती आणि मृत किती. आजोबांनी जाड निबाने लिहिले होते: वर्षे 26, जन्मलेली 7, हयात 5, मृत 2. घरात मात्र चारच मुले नोंदलेली होती. त्यांतला एक आमच्या गृहस्थांचा बाप. दुसरा मुलगा ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या वेस्ट रायडिंग रेजिमेंटमध्ये भरती होऊन 1917 साली अविवाहित असतानाच कामी आला होता. तिसऱ्याला मूलबाळ झाले नव्हते आणि मुलगी लग्नाविना वारली होती. पाचवे हयात अपत्य कोण, या प्रश्नावर सगळे अडले होते. जन्मनोंदींच्या अनुक्रमणिकेत त्या आईबापांचे आणखी एकही जिवंत मूल सापडत नव्हते, आणि 1891 व 1901 च्या जनगणनेत तर हे कुटुंबच शोधाला लागत नव्हते. तो आकडा आजोबांकडून चुकला असेल, असे कार्यालयातल्या काहींचे मत पडले. मला ते पटत नव्हते. आपली मुले मोजताना बाप चुकेल, पण तो तक्ता लिहिला जात असताना आईही त्याच स्वयंपाकघरात होती.

म्हणून मी हॅलिफॅक्सला गेले. त्या खोऱ्यात मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाची छोटी चॅपेले, म्हणजे प्रार्थनाघरे, पुष्कळ, आणि त्यांच्या बाप्तिस्म्याच्या सगळ्याच वह्या संगणकावर आलेल्या नाहीत. अभिलेखागारातल्या बाईंना मी कुटुंबाचा पत्ता सांगितला. त्या तिथल्याच असल्यामुळे नकाशा न पाहता म्हणाल्या, “त्या गल्लीतली माणसं खालच्या चॅपेलमध्ये जायची, वरच्या नाही,” आणि त्यांनी नेमकी एक वही काढून दिली. कातडी बांधणीची, कडा झिजलेली वही होती ती. ओल लागून काही पानांवरची शाई तपकिरी पडली होती. 1886 च्या पानावर लग्नानंतर वर्षभरातच झालेल्या थोरल्या मुलीचा बाप्तिस्मा नोंदलेला होता. आईबापांची नावे, बापाचा धंदा, गल्ली, सारे जुळत होते, आणि शेजारी बारीक अक्षरात जन्मतारीखही दिलेली होती.

ती तारीख हाती असल्यामुळे सरकारी जन्मनोंद दुपारपर्यंत सापडली. निबंधकाच्या कारकुनाने ऐकले तसे लिहून घेतले होते आणि अनुक्रमणिकेत ते ‘एम’ ऐवजी ‘एन’ ने उतरले होते, म्हणजे मुलगी ‘नर्गिट्रॉइड’ झाली होती. मर्गट्रॉइडची नाना रूपे मी पाहिलेली आहेत, पण पहिलेच अक्षर बदलले की संगणकाचा ध्वनिसाधर्म्याचा शोधही तिथे पोहोचत नाही.

आता तिचे लग्न शोधायचे होते. इथे दुर्मीळ आडनावाचा उपयोग झाला. 1909 मध्ये हॅलिफॅक्स जिल्ह्यात त्या नावाच्या एकाच मर्गट्रॉइड मुलीचे लग्न नोंदलेले होते. त्या काळच्या विवाहसूचीत जोडीदाराचे आडनाव येत नाही, ते 1912 पासून येऊ लागले. त्याआधी फक्त पानाचा क्रमांक मिळतो, आणि एका पानावर बहुधा दोन लग्ने असतात. म्हणजे त्या पानावरच्या दोन पुरुषांपैकी एक तिचा नवरा. दाखला मागवल्यावर तो टेलर निघाला. विवाहाच्या नोंदीत वधूच्या आईला तर जागाच नव्हती. वधूवरांच्या आयांची नावे इंग्लंडच्या विवाहनोंदीत मे 2021 पासून येऊ लागली.

टेलर हे या देशातल्या सर्वांत सामान्य आडनावांपैकी एक आहे. हॅलिफॅक्स आणि ब्रॅडफर्डमध्ये त्या वर्षांत जन्मलेली टेलर मुले मोजायची म्हटली तर एखादा महिना गेला असता. परंतु 1911 च्या सप्टेंबर तिमाहीपासून छापील जन्मसूचीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे आईचे माहेरचे आडनाव दिलेले असते, आणि अलीकडे सरकारने नव्याने तयार केलेल्या सूचीत ते आधीच्या वर्षांसाठीही मिळते. मी बापाच्या रकान्यात टेलर आणि आईच्या रकान्यात मर्गट्रॉइड लिहिले. पडद्यावर मोजकीच नावे आली आणि ती सगळी एकाच घरातली होती. इतकी वर्षे हे काम करताना दुर्मीळ आडनाव बापाकडून मुलाकडे जाते तेव्हाच उपयोगी पडते असा माझा समज होत चालला होता. त्या संध्याकाळी दिसले की ते आईच्या रकान्यात असते तेव्हा त्याची किंमत कितीतरी वाढते, कारण अत्यंत सामान्य आडनावाच्या गर्दीतूनही ते एक कुटुंब अचूक वेगळे काढते. तेव्हापासून प्रत्येक प्रकरणात मी आज्यांची माहेरची नावे आधी मांडते. नाती मात्र मी माझ्या वहीत मराठीतच लिहिते. इंग्रजीत सगळ्यांनाच ‘कझिन’ म्हणतात, आणि चुलत, आते, मामे, मावस असे लिहिले की कोण कोणत्या फांदीवरून आले ते पुन्हा तपासावे लागत नाही.

मृताच्या या आत्याची तीन नातवंडे हयात होती. सर्वांत थोरली नात सत्तरी ओलांडलेली, हॅलिफॅक्सपासून थोड्याच अंतरावर राहणारी. दारात उभे राहून मी कुठून आले ते सांगितले, पण अशा वेळी लोकांना फसवणुकीची भीती वाटते आणि ती रास्तच आहे, म्हणून मृताचे आडनाव मी आधी उच्चारले नाही. तुमच्या आजीचे माहेरचे नाव आठवते का, एवढेच विचारले.

“मर्गट्रॉइड, लव्ह,” त्या लगेच म्हणाल्या. तिथली वडीलधारी माणसे अनोळखी माणसालाही ‘लव्ह’ म्हणतात. “आजीनं मला त्याचं स्पेलिंग पाठ करून घ्यायला लावलं होतं. ‘ओ, वाय, डी. आय नाही.’ लोक चुकीचं लिहितात, म्हणायची, आणि मग माणूस सापडत नाही.”

दक्षिणेतल्या त्या मामेकाकांविषयी त्यांना काहीच ठाऊक नव्हते. आत्या आणि धाकटा भाऊ यांच्या वयात मोठे अंतर होते, आणि भावाचे कुटुंब युद्धानंतर दक्षिणेकडे गेल्यावर पत्रव्यवहार थांबला असावा. त्यांनी पैशांविषयी फारसे विचारले नाही. अंत्यविधी कोणी केला, हे मात्र पुन्हा पुन्हा विचारले. तो स्थानिक कौन्सिलने केला होता आणि कुणी नातेवाईक हजर नव्हता, हे मला सांगावे लागले.

सात दाखले, जनगणनेचा तक्ता आणि चॅपेलच्या वहीतल्या पानाची प्रमाणित प्रत जोडून आम्ही दावा पाठवला आणि तो मंजूर झाला. दरम्यान ऑस्ट्रेलियातून एका मर्गट्रॉइड गृहस्थांचे पत्र आले होते. यादीत आपले आडनाव पाहून त्यांनी आशेने लिहिले होते. त्यांची शाखा मृताच्या पणजोबांच्याही आधी फुटलेली असल्यामुळे त्यांचा काही हक्क लागत नव्हता, आणि तसे मी त्यांना कळवले. त्यांच्याकडे मात्र 1850 च्या दशकात वॉर्लीहून बोटीने निघालेल्या आपल्या पूर्वजाची कागदपत्रे होती आणि ती त्यांनी मला आपणहून पाठवली. ती आता आमच्या वंशावळीला जोडलेली आहेत. मालमत्ता तिघा नातवंडांत सारखी वाटली गेली. त्यांतल्या दोघांचे आडनाव टेलर आहे, तिसरीचे लग्नानंतर बदललेले आहे.