आमची वाटचाल : एकच कपाट, सगळ्यांचं

२००६ साली मी आणि माझा मावसभाऊ, आम्ही दोघांनी मिळून सांगलीत एक गाळा भाड्यानं घेतला. काम काय तर कॉम्प्युटर असेंबल करून विकायचे, व्हायरस काढायचे, फॉरमॅट मारून द्यायचे. फाईल सर्व्हरच्या, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांच्या फायली एकाच मशीनवर ठेवून द्यायच्या कामात आलो ते एका लग्नपत्रिकेमुळं.

गावभागात एक ऑफसेट प्रेस होता, मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. तीन डिझायनर, तीन मशीन, आणि कोरलच्या फायली पेनड्राइव्हवरून इकडून तिकडं. एकदा काय झालं, तारीख दुरुस्त केलेली फाईल राहिली एका मशीनवर, प्लेट निघाली दुसऱ्या मशीनवरच्या जुन्या फाईलवरून, आणि आठशे पत्रिका चुकीच्या मुहूर्ताच्या छापून झाल्या. अण्णांनी पदरचा कागद घालून रात्रीत परत छापून दिल्या आणि सकाळी आमच्याकडं आले. म्हणाले, "मला एकच कपाट पाहिजे बघ. सगळ्यांनी त्यातनंच घ्यायचं आणि त्यातच ठेवायचं."

विंडोज सर्व्हरचं लायसन्स त्यांना झेपणारं नव्हतं. मी कॉलेजात युनिक्स शिकलो होतो, तेवढ्यावर एका जुन्या पेंटियम फोरवर डेबियन, म्हणजे युनिक्ससारखंच चालणारं फुकटचं लिनक्स, टाकलं, ८० जीबीच्या दोन डिस्कचा मिरर केला, म्हणजे दोन्हीवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं, आणि सांबा लावला. युनिक्स मशीनची आपापसात फाईल वाटायची सोय म्हणजे एनएफएस, सन कंपनीनं ते १९८४ मध्येच आणलंय, पण डिझायनरच्या टेबलावर सगळीकडं विंडोज, आणि विंडोज एसएमबी बोलतं, ही नेटवर्कवरून फाईल वाटायची त्याची भाषा. ती भाषा युनिक्सला शिकवली अँड्र्यू ट्रिजेल यांनी, ऑस्ट्रेलियात कॅनबेराला पीएचडी करत असताना, १९९२ च्या सुमारास, आणि तेच सांबा. रोजच्या कॉपीला आम्ही जे आरसिंक वापरतो तेही त्यांचंच. या माणसाच्या कामावर माझं घर चाललंय, हे मी मुलांनाही सांगतो.

एका दुपारीत शेअर दिसायला लागलं, तिन्ही मशीनवर झेड ड्राइव्ह आला, अण्णांनी पेढे वाटले. आणि आठवड्यात फोन, एकानं केलेली फाईल दुसऱ्याला सेव्ह होत नाही. कारण फाईल ज्यानं बनवली त्याच्या मालकीची होते आणि बाकीच्यांना फक्त वाचता येते. मी घाईत सगळ्या फोल्डरला ७७७ मारलं, म्हणजे कुणीही यावं काहीही करावं. महिन्याभरात नवीन आलेल्या मुलाच्या हातून दिवाळी अंकाच्या जाहिरातींचा अख्खा फोल्डर उडाला. मिरर होता, पण मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, इकडं उडालं की तिकडंही त्याच क्षणी उडतं. बॅकअप तीन दिवसांपूर्वीचा. त्या पोरांनी दोन रात्री बसून जाहिराती परत बनवल्या, आणि त्या दोन्ही रात्री मी तिथंच बसलो होतो, मला घरी जाववेना.

तेव्हापासून आम्ही आधी कागद घेऊन बसतो. ऑफिसात कोण कोण आहे, कुणी काय बघायचं, कुणी काय बदलायचं, हे मालकाशी बोलून लिहून काढतो, मगच कॉन्फिग फाईल उघडतो. प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड, विभागाप्रमाणं ग्रुप, फोल्डरला २७७०, म्हणजे मालक आणि ग्रुप सोडून बाकी कुणाला आत प्रवेश नाही, त्यातला पुढचा दोन असा की आत बनणारी नवी फाईल आपोआप ग्रुपच्या नावावर जाते. सांबात फोर्स ग्रुप आणि क्रिएट मास्क ०६६०, म्हणजे नवी फाईल ग्रुपमधल्यांना वाचता-बदलता येते, बाहेरच्यांना नाही. शिवाय रिसायकल मॉड्यूल, म्हणजे नेटवर्कवरून डिलीट केलेलं आधी एका बाजूच्या फोल्डरमध्ये पडतं. बदल केला की टेस्टपार्म, म्हणजे सांबाची सेटिंग तपासणारा प्रोग्राम, चालवायचं आणि मगच रिलोड.

लोडशेडिंगचे दिवस होते, भर कामात लाईट जायची, सर्व्हर धाडकन बंद. आम्ही यूपीएसची केबल जोडून बॅटरी संपत आली की सर्व्हर आपणहून नीट बंद होईल असं केलं आणि तो त्रास संपला.

एका वकिलांच्या ऑफिसात वेगळंच. काही फायली सर्व्हरवर जाईनातच, विंडोजवर उघडायच्या. दोन दिवस नेटवर्क तपासलं. शेवटी लक्षात आलं की वकीलसाहेब फाईलचं नाव मराठीत आणि ऐसपैस ठेवतात, घेणार, देणार, गट नंबर, गाव, तालुका सगळं नावातच. युनिक्सकडं नावाची मर्यादा २५५ बाइट, आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खातं. म्हणजे फक्त ८५ चिन्हं. इंग्रजीत नावं ठेवणाऱ्याला हे आयुष्यात कधी कळणार नाही. आम्ही गावानुसार फोल्डर करून दिले, नावं छोटी झाली.

२०१३ पासून नवीन सर्व्हर आम्ही फ्रीबीएसडी या युनिक्सच्या घराण्यातल्या सिस्टिमवर झेडएफएस ही फाईल सिस्टिम घालून देतो, ते स्नॅपशॉटसाठी, म्हणजे त्या क्षणी फायली जशा होत्या त्याची नोंद. तासाला एक स्नॅपशॉट, आणि सांबाच्या शॅडो कॉपीनं तो विंडोजच्या प्रीव्हियस व्हर्जन्समध्ये दिसतो, माणूस राइट क्लिक करून स्वतःच सकाळची फाईल परत घेतो. मे २०१७ मध्ये फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा वॉनाक्राय आला तो विंडोजच्या एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून, आणि त्याच महिन्यात सांबामध्येही एक मोठं भोक निघालं, ३.५ पासूनच्या आवृत्त्यांना लागू. आम्ही चार दिवस फक्त अपडेट करत फिरलो आणि सगळीकडं जुनी एसएमबी बंद केली. तर जुन्या झेरॉक्स मशीनचं स्कॅन फोल्डरमध्ये येणं थांबलं, त्यांना एसएमबीची नवी आवृत्ती येतच नव्हती. एका मशीनसाठी जुनं दार परत उघडायला मी नाही म्हणालो, गिऱ्हाईक चिडले, पण त्या मशीनना एफटीपीनं, म्हणजे फाईल पाठवायच्या दुसऱ्या एका पद्धतीनं, एका वेगळ्या फोल्डरात टाकायला लावलं आणि सर्व्हर तिथून स्कॅन उचलून जागेवर ठेवतो.

ऑगस्ट २०१९. सांगलीत महापूर, आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. अण्णांचा प्रेस तळमजल्यावर, सर्व्हर पाण्यात, मशीन पाण्यात, कागदाचा लगदा. पण दर शनिवारी एक डिस्क मिरजेला माझ्या बहिणीच्या घरी जायची, हे आम्ही सात वर्षं चुकवलं नव्हतं. पाणी उतरल्यावर त्या डिस्कवरून दुसऱ्या मशीनवर सगळं उभं केलं. अण्णा स्क्रीनसमोर बसून एकेक फोल्डर उघडून बघत होते, काही बोलले नाहीत, डोळे पुसत होते. माझेही भरून आले.

आता एकतीस ऑफिसं आमच्याकडं वार्षिक देखभालीला आहेत. दर महिन्याला प्रत्येक ठिकाणी स्क्रब, म्हणजे डिस्कवरचं सगळं वाचून तपासणं, चालतो, आणि मालकानं बोट ठेवलेली कुठलीही एक फाईल आम्ही बॅकअपमधून काढून त्यांच्यासमोर उघडून दाखवतो. उद्या तासगावला बेदाण्याच्या व्यापाऱ्यांकडं जायचंय, मिररमधल्या एका डिस्कवर खराब सेक्टर वाढायला लागलेत, मरायच्या आत बदलून टाकतो.