घरघर कुठून येते?

बुधवार, रात्री

मशीन कपडे पिळायला लागलं की घरघरतं, हे घरात सगळ्यांनाच ऐकू येत होतं. आज कपडे टाकले आणि दुसरं कुठलंही काम न काढता ड्राय बाल्कनीत स्टूल घेऊन बसले. आवाज कसा आहे यापेक्षा तो नेमका कधी येतो, हे मला बघायचं होतं.

पाणी भरताना व्हॉल्व्हची बारीक गुणगुण, आणि तो बंद होताना पाइपात एक ठोका. हे पहिल्यापासूनच आहे. वाहतं पाणी एकदम अडलं की पाइप धडकतो. धुताना ड्रम सावकाश उलटसुलट फिरत होता, तेव्हा काहीच नाही. पाणी सोडताना मात्र पंप खुळखुळला. नंतर खालचं झाकण उघडून फिल्टर काढला, तर आत शर्टाचं बटण आणि एक रुपयाचं नाणं. तो प्रश्न तिथेच मिटला.

घरघर सुरू झाली ती पिळताना, आणि वेग चढेल तशी वाढत गेली. पण मशीन हादरत नव्हतं. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. चादरीचा गोळा एका बाजूला झाला की मशीन धाडधाड आपटतं. ते इतकं का आपटतं, याचा हिशेब आज कागदावर मांडला. मिनिटाला १२०० फेऱ्या आणि ड्रमची त्रिज्या २४ सेंटिमीटर धरली, तर कडेला जास्तीचं झालेलं १०० ग्रॅम वजन सुमारे ३८ किलोच्या जोराने बाहेर ओढतं. ओल्या मोज्यांची एक जोडी! त्यात शॉक ॲब्सॉर्बर थकलेले असले किंवा खालचे पाय एका पातळीत नसले, तर मशीन जागेवरून सरकणारच. आमचं तसूभरही सरकलं नाही. म्हणजे बिघाड तोलाचा नव्हता.

संध्याकाळी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, दाखवलं. त्यांची सगळी नोकरी भोसरीत लेथवर गेली, त्यामुळे फिरणाऱ्या वस्तूंचे आवाज त्यांना कळतात. त्यांनी आधी प्लग काढायला लावला. मग मागचा पत्रा उघडून मोटर आणि ड्रमला जोडणारा बेल्ट उतरवला आणि मला रिकामा ड्रम हाताने जोरात फिरवायला सांगितला. बेल्ट नसतानाही आवाज तसाच. म्हणजे दोष मोटरचा नाही, याचा मला केवढा आनंद झाला! मग त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ड्रमभोवतीच्या टबाच्या मागे, बेल्टच्या चाकाच्या म्हणजे पुलीच्या शेजारी टेकवलं आणि मूठ कानाशी धरली. "इकडे ये, ऐक." वाळू भरडावी तशी खरखर, अगदी स्पष्ट. ड्रमची कड धरून वरखाली हलवली, तर बाहेरचा टब जागेवर आणि ड्रम एकटाच हलला. "बेअरिंगला प्ले आलाय," बाबा म्हणाले. म्हणजे ड्रमचा दांडा (शाफ्ट) ज्यांत फिरतो त्या गोळ्यांच्या कड्या सैल झाल्यात. टबाच्या पाठीवर मधोमध तपकिरी ओघळही दिसला.

त्या ओघळात सगळं कारण आहे. बेअरिंगच्या पुढे रबराचं ऑइल सील असतं. ते झिजलं की साबणाचं पाणी आत झिरपतं, ग्रीस धुऊन जातं आणि गोळ्या गंजतात. म्हणून नुसतं बेअरिंग बदलणं म्हणजे पैसे वाया घालवणं, असं माझं ठाम मत झालंय; जुन्या सीलमधून नव्या बेअरिंगवरही तेच पाणी जाणार.

फोनवर मेकॅनिकने मशीन न बघताच "अख्खा टब बदलावा लागेल" असं सांगितलं होतं. काही मशीनचे टब कारखान्यातच जोडून बंद केलेले असतात, तिथे ते खरंही असेल. आमच्या टबाला मात्र कडेने स्क्रू आहेत, तो उघडतो. शनिवारी मेकॅनिक आला की आधी हे दाखवायचं. दोन्ही बेअरिंगं आणि सील एकदमच बदलून घ्यायचं. ड्रमच्या मागचा तीन पायांचा ॲल्युमिनियमचा स्पायडर साबणाच्या पाण्याने खाल्ला जातो, तोही तडकलाय का, ते माझ्यासमोर बघायला सांगायचं.

तोवर कमी वेगावर चालवू का, असं बाबांना विचारलं. ते नको म्हणाले. बेअरिंग फुटलं तर शाफ्ट खराब होईल, आणि मग खर्च खरंच टबापर्यंत जाईल. उद्याचे कपडे बादलीत भिजत घातलेत.