दोन तासांचा स्लॉट आणि पाऊण तासाचे फोटो

दुसऱ्या विद्यापीठाच्या फील्ड एमिशन एसईएमवर (इलेक्ट्रॉनच्या झोतानं फोटो काढणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर) दोन तास मिळाले, तरी दोन तास फोटो काढायला मिळत नाहीत. घड्याळ सुरू होतं ते सॅम्पल आत जाण्याआधीच. स्टब (सॅम्पल चिकटवायची धातूची छोटी चकती) बसवणं, व्हॅक्यूम, झोताचं अलाइनमेंट, फोकस, स्टिग्मेशन (चित्र एका दिशेला ताणलं जाणं दुरुस्त करणं)... आणि प्रत्येक सॅम्पल बदलताना पुन्हा तेच. चार सॅम्पल नेलीत तर हाती पाऊण तास उरला तरी खूप.

खरा घात ओलसर सॅम्पल करतं. आत ते वाफ सोडत राहतं, व्हॅक्यूम येत नाही, तोवर इलेक्ट्रॉन गनचा व्हॉल्व्ह उघडत नाही. स्लॉट तिथंच संपतो, बिल मात्र पूर्ण. ‘वाळलंय की’ म्हणून हातानं चाचपून काही कळत नाही! उष्णता सोसणारी पावडर रात्रभर ६० अंशांवर ओव्हनमध्ये ठेवा, मग थेट डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात). प्रवासात डब्यात सिलिका जेल हवंच.

स्टब तिथं जाऊन बनवू नका. पिनचा लागतो की स्क्रूचा, आधी विचारा. कार्बन टेपवर टूथपिकच्या टोकाला मावेल एवढीच पावडर पसरा, स्टब उलटा करून ठोका, वर हवेचा फवारा मारा. सुटे कण दिसले की ऑपरेटर सॅम्पल परत करतो, आणि बरोबरच करतो. चुंबकीय पावडर असेल तर बुकिंग करतानाच सांगा, लपवू नका. लेन्सकडे ओढली गेली तर यंत्र बंद पडतं.

कोटिंगचे, म्हणजे सॅम्पलवर सोन्याचा किंवा कार्बनचा पातळ थर देण्याचे पैसे वेगळे; ईडीएसचे, म्हणजे एक्स-रे वरून मूलद्रव्यं ओळखण्याचे वेगळे. कोटिंगचा दर स्टबमागे की बॅचमागे, हे लेखी घ्या; तोंडी आकड्यावर जाऊ नका. पॉलिमर, सिरॅमिक कोटिंगशिवाय चार्ज होतात, म्हणजे त्यांच्यावर विद्युतभार साठतो, आणि चित्र पांढरं पडून सरकतं. ५ नॅनोमीटर सोनं सहसा पुरतं. २० दिलंत तर बारीक तपशील सोन्याखाली जातात आणि दिसतात ते सोन्याचे दाणे. फॉस्फरस शोधायचा असेल तर सोनं नकोच: त्याची एक्स-रे रेषा २.१२ केईव्ही ऊर्जेला, फॉस्फरसची २.०१ला, ईडीएसमध्ये दोन्ही एकमेकींत मिसळतात. कार्बन कोटिंग मागा.

 

पेन ड्राइव्ह बहुतेक ठिकाणी लावू देत नाहीत. डेटा कसा मिळणार ते आधी ठरवा, टिफ फाइल्सच घ्या, आणि खोली सोडण्यापूर्वी प्रत्येक फाइल उघडून स्केल बार तपासा.