टाकीत माणूस उतरणार नाही: आमची वाटचाल

चिपळुणात वडील प्लंबिंगची कामं घ्यायचे. तुंबलेली मोरी मोकळी करायला त्यांच्याकडे बांबूच्या कामट्या, जाड तार आणि गरम पाणी एवढंच असायचं. पाणी गेलं की काम झालं. धंदा माझ्याकडे आल्यावर मी एकच गोष्ट वाढवली: तुंबलं कशाने, हे कळल्याशिवाय घर सोडायचं नाही.

उत्तर बहुतेकदा स्वयंपाकघरात सापडतं. आपल्याकडे रोज ओल्या खोबऱ्याचं वाटण, आणि मिक्सरचं भांडं विसळलं की ते सगळं बेसिनमध्ये. खोबऱ्याचं तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. थंडीत पहाटे पाइप गार पडला की ते आतून धरतं, मग त्यावर भाताची पेज, चोथा, मासळीचे खवले. कापलेला पाइप आम्ही घरच्यांना हातात देतो. आत मेणासारखा पांढरा थर आणि मधे करंगळी जाईल एवढी वाट! ते पाहिल्यावर भांडं आधी पुसून घ्या, हे वेगळं सांगावं लागत नाही. अ‍ॅसिडची बाटली मात्र ओतू नका. त्या थराला ते फारसं काही करत नाही, उलट सेप्टिक टाकीतले मैला कुजवणारे जिवाणू मारतं, आणि ब्लीचिंगशी गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो.

जुन्या घरांत माडाची मुळं निघतात. चिनी मातीच्या पाइपांचे सिमेंटचे सांधे तडकले की ओलीच्या वासाने मूळ आत शिरतं. तिथे नुसती स्प्रिंग, म्हणजे तुंबलेलं मोकळं करायची लवचिक तार, पाइपात फिरवून भागत नाही, तेवढा पाइप बदलावाच लागतो.

गणपतीत आमचा फोन थांबत नाही. वर्षभर बंद असलेलं घर उघडतं, आणि दोघांच्या हिशेबाने बांधलेल्या टाकीवर वीस माणसं येतात. बंद घरात नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीच्या जाळीखाली साठून वास अडवणारं, पाणी सुकतं, मग टाकीचा वास आणि झुरळं थेट घरात. मुंबईला निघताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडं तेल ओतलं तर पाणी लवकर उडत नाही. टाकीचा गाळ दर दोन-तीन वर्षांनी काढायचा, तोही पावसाआधी. भर पावसात भोवतालच्या जमिनीत पाणी भरलेलं असताना टाकी रिकामी केली तर हलकी प्लास्टिकची टाकी वर उचलली जाते.

जुलै २०२१ च्या पुरानंतर गावातले चेंबर वाशिष्ठीच्या चिखलाने भरले. स्प्रिंग त्यात भोक पाडायची आणि बाहेर काढली की ते बुजायचं. तेव्हा कर्ज काढून जेटिंग मशीन घेतलं. त्याचा नोझल पाण्याच्या जोराने पुढे सरकतो आणि गाळ मागे, आपल्या चेंबरकडे आणतो. पुढे पाइपात सोडून आतलं बघायचा कॅमेराही आला.

काम हातचं गेलं ते एकाच अटीमुळे. “अहो, दहा मिनिटांचं काम, एक पोरगा उतरवा की,” असं म्हणणारे आजही भेटतात. मी सांगतो, “दादा, मशीनने होईल तेवढं करू. माणूस आत जाणार नाही.” टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडला आधी कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण वायू वाढला की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं, धोका टळला. एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही जातो. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, पण कायदा नसता तरी आमचं उत्तर हेच असतं. माझ्याकडची मुलं कुणाची तरी लेकरं आहेत.

हल्ली काही गवंडी कोबा करण्याआधीच बोलावतात, याचा मला सगळ्यात आनंद आहे. ४ इंची पाइपाला ४० फुटांत फूटभर ढाळ, वळणावर चेंबर, वायू बाहेर सोडणारा व्हेंट पाइप छपराच्या वर, आणि पागोळ्यांचं पाणी मैल्याच्या लाइनीत अजिबात नाही. काम झालं की चेंबर कुठे आणि लाइन कशी गेली, याचा हाताने काढलेला नकाशा आम्ही घरमालकाकडे देतो. तो विजेच्या मीटरच्या पेटीत चिकटवून ठेवा.