शेलबार्क हिकरी लावताना

हिकरी हे अक्रोडाच्या कुळातलं झाड. तिच्या खाण्याजोग्या जातींपैकी शेलबार्कला पाण्याची ओढ फार. अमेरिकेत ओहायो, वॉबॅश, मिसिसिपी या नद्यांकाठच्या गाळाच्या सखल जमिनीत ती वाढते. तिची बहीण शॅगबार्क टेकडीउतारावरही तग धरते, हिला कोरडी माती मानवत नाही. पण म्हणून डबक्यात लावू नका. झाड सुप्तावस्थेत असताना आलेला थोड्या दिवसांचा पूर ती सोसते, पण ऐन वाढीत पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात.

बी सप्टेंबर-ऑक्टोबरात खाली पडलेलं घ्या. वरची जाड साल चार फाकांत सुटते. आतलं बी पाण्यात टाका. तरंगेल ते पोकळ किंवा किडकं. बुडालेलं बी ओलसर वाळूत घालून फ्रिजमध्ये १ ते ४ अंश सेल्सिअसला तीन-चार महिने ठेवा. वाळू मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकत असेल तर ती जास्त ओली आहे, बुरशी धरेल.

वसंतात बी आडवं, ३ ते ५ सेंटिमीटर खोल पेरा. जमेल तर कायमच्या जागीच. पहिल्या वर्षी सगळा जोर सोटमुळात जातो, वर जेमतेम वीतभर रोप दिसतं. रोप खुरटलं समजून लोक खत ओततात, त्याची काही गरज नसते. उथळ कुंडीत सोटमूळ तळाशी गोल फिरतं आणि पुढे झाड कायमचं मार खातं. कुंडी लावायचीच तर निदान ४० सेंटिमीटर खोल घ्या. खारी बी उकरतात, त्यामुळे वर बारीक जाळी हवीच.

दोन झाडांत १२ मीटर तरी अंतर ठेवा. पहिले दोन-तीन उन्हाळे पाऊस नसेल तेव्हा आठवड्याला साधारण २० लिटर पाणी एकदमच, सावकाश मुरू द्या. रोजच्या शिंपडण्याने मुळं वरवर राहतात. पालापाचोळ्याचं आच्छादन ८ ते १० सेंटिमीटर, खोडाला न टेकवता. उन्हाळ्याअखेर ओल तुटली तर बी मोठं दिसतं, आत गर सुरकुतलेला निघतो.

बियाण्याच्या झाडाला फळं यायला चाळीसेक वर्षंही लागतात. खाण्यासाठी लावत असाल तर कलमच घ्या. शेलबार्कचं कलम पेकनच्या, म्हणजे हिकरीच्याच एका जातभाईच्या, खुंटावरही बसतं. एकाच झाडावरची नर आणि मादी फुलं बहुधा एका वेळी उमलत नाहीत, म्हणून जवळ वेगळ्या वाणाचं दुसरं झाड ठेवा. अकाली गळलेली फळं रोज वेचून नष्ट करा, नाहीतर भुंग्याची अळी बी पोखरून बाहेर पडते आणि मातीत शिरते.

हिकरीत सर्वांत मोठं बी हिचंच, पण कवच इतकं जाड की अडकित्त्याने भागत नाही. सुताराचा शिकंजा वापरा.